न दिसणाऱ्याचा आकार : अणुकेंद्रकाची प्रतिमाने आणि त्यांची भाषा



मुंबईच्या पूर्व बाजूस, ठाण्याच्या खाडीला लागून ट्रॉम्बे आहे. भराव पडून हा भाग आज शहराला जोडला गेला असला, तरी एके काळी ते स्वतंत्र बेट होते. त्याच्या आकारावरून इंग्रज त्याला ‘बैलाची जीभ’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत, असा उल्लेख जुन्या वर्णनांत सापडतो. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ही जीभ दिसली नसणार. मोजमापे घेऊन, ती कागदावर मांडून जेव्हा नकाशा तयार झाला, तेव्हाच कोणाला तरी ती ‘दिसली’ असणार, आणि मग ओळखीच्या वस्तूचे नाव त्या रेषेला चिकटले असणार.

याच ट्रॉम्बेत १९५४ साली अणुऊर्जेच्या संशोधनाची मोठी आस्थापना उभी राहिली. १९६७ साली तिला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. तेथील संशोधकांनी ज्या अनेक प्रश्नांवर काम केले, त्यांतला एक बेटाच्या नकाशासारखाच आहे : अणूच्या पोटातील केंद्रकाचा आकार कसा असतो, आणि तो केव्हा, कशाने बदलतो?

मराठीच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न कशासाठी, असे तुम्हांला वाटेल. कारण सरळ आहे. शिशाच्या एका अणुकेंद्रकाचा व्यास सुमारे १४ फेम्टोमीटर असतो, म्हणजे अशी ७,००० कोटी केंद्रके एका ओळीत ठेवली तर एक मिलिमीटर भरेल. ती कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली ‘दिसत’ नाहीत. ज्याला डोळ्यांची साक्ष नाही, त्याचे वर्णन करायचे तर दोनच साधने उरतात : गणित आणि उपमा. गणित आपल्या अभ्यासक्रमात नाही. उपमा मात्र आहे. शिवाय तुमच्यापैकी कोणी भाषांतराचे काम कराल, कोणी वृत्तपत्रात लिहाल, कोणी शाळेत शिकवाल. तेव्हा ‘विखंडन’, ‘कवच’, ‘जादुई संख्या’ हे शब्द तुमच्या हातून जातील. या शब्दांच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसेल, तर वाक्य व्याकरणशुद्ध होईल आणि अर्थ चुकीचा पोहोचेल.

उपमेचे घटक तुम्ही अलंकारांच्या अभ्यासात पाहिले आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. कवी साधारण धर्म बहुधा मोघम ठेवतो. त्या मोघमपणातच त्याची गंमत असते. शास्त्रज्ञाला तशी मुभा नाही. साधारण धर्म कोणता, किती प्रमाणात आणि कोठपर्यंत, हे त्याला आकड्यांत सांगावे लागते. अशा मोजून सांगितलेल्या उपमेलाच शास्त्राच्या भाषेत प्रतिमान म्हणतात, असे आपल्या पुरते म्हणायला हरकत नाही.

थेंबाची उपमा

केंद्रकाचे पहिले यशस्वी प्रतिमान पाण्याच्या थेंबाचे. लहान केंद्रक असो वा मोठे, आतील द्रव्याची घनता जवळजवळ सारखीच राहते. पाण्याच्या लहान आणि मोठ्या थेंबांचेही तसेच असते. (घनतेचा आकडा मात्र छाती दडपवणारा आहे : एका घनसेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टन.) थेंबाला पृष्ठताण असतो, म्हणून तो गोल होऊ पाहतो. केंद्रकालाही पृष्ठताणासारखे काहीतरी असते, कारण कडेच्या कणांना शेजारी कमी असतात. फरक असा की केंद्रकातील प्रोटॉन धनभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. पृष्ठताण गोल करू पाहतो, विद्युत प्रतिकर्षण ताणू पाहते. फॉन वाइझसेकर यांनी १९३५ साली या ओढाताणीचा हिशेब एका सूत्रात बसवला.

१९३८ च्या नाताळात स्वीडनमध्ये लीझ माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांच्यापुढे एक कोडे होते. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले असता बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांना बेरियम सापडले होते, म्हणजे निम्म्याच्या आसपास वजनाचे मूलद्रव्य. केंद्रक टणक गोळा मानले तर त्याचे असे दोन भाग होणे अशक्य वाटे. थेंब मानले तर ते सहज कळण्याजोगे होते : थेंब लांबतो, मध्ये बारीक होतो, कमरेशी आवळला जातो आणि दोन थेंब होतात. या घटनेला नाव हवे होते. फ्रिश यांनी एका जीवशास्त्रज्ञाला विचारले की एका पेशीच्या दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता. त्याने सांगितलेला ‘फिशन’ हा शब्द त्यांनी १९३९ च्या आरंभी आपल्या लेखात वापरला. पुढे नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी या थेंबाचे सविस्तर गणित मांडले. तो लेख छापून आला १ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या दिवशी.

आता आपल्या भाषेकडे या. मराठीत पेशीचे ‘विभाजन’ होते आणि केंद्रकाचे ‘विखंडन’. खंड पडतात ते घन वस्तूचे. खंडित होते ती मूर्ती, खंडतो तो दगड. थेंबाचे खंड होत नाहीत. फ्रिश यांनी जीवशास्त्रातून मुद्दाम उसना घेतलेला मऊपणा आपल्या शब्दात उतरला नाही, आणि जे चित्र माइटनर-फ्रिश यांनी टाकून दिले होते तेच, टणक गोळा फुटल्याचे, मराठी वाचकाच्या मनात उभे राहते. ‘दुभंगणे’ हे क्रियापद मला अधिक जवळचे वाटते. तथापि ‘विखंडन’ आता इतके रुळले आहे की ते बदलण्याचा हट्ट धरू नये. शब्द वापरावा, वाक्याच्या उरलेल्या भागात थेंबाचे चित्र जपावे.

पंगतीची उपमा

थेंबाच्या प्रतिमानाला एक गोष्ट सांगता येत नव्हती. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ असली की केंद्रक शेजाऱ्यांपेक्षा अधिक बळकट ठरते. पाण्याच्या थेंबाला आपल्यात किती रेणू आहेत याची फिकीर नसते. केंद्रकाला ती असते. युजीन विग्नर यांनी या आकड्यांना ‘जादुई’ म्हटले ते काहीशा अविश्वासाने, थट्टेच्या सुरात. पण मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ साली स्वतंत्रपणे या संख्यांचा उलगडा केला. थट्टा विरली, नाव राहिले. १९६३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले तेव्हा त्यांच्यासोबतचे तिसरे मानकरी विग्नरच होते, अर्थात वेगळ्या कामासाठी.

या प्रतिमानाला मराठीत कवच प्रतिमान म्हणतात, आणि येथेही शब्द फसवा आहे. कवच म्हटले की कर्णाचे कवच आठवते, बाहेरून झाकणारे, टणक. केंद्रकाला बाहेरून असे कोणतेही आवरण नसते, आणि कांद्यासारखे आत एकाखाली एक पदरही नसतात. येथे प्रश्न जागेचा नसून ऊर्जेचा आहे. लग्नघरची पंगत डोळ्यांपुढे आणा. एका पंगतीत ठरावीक पाने मांडलेली असतात. ती भरली की पुढचा माणूस दुसऱ्या पंगतीसाठी थांबतो, आणि दोन पंगतींमध्ये बराच वेळ जातो. केंद्रकातील कणही ऊर्जेच्या पातळ्यांवर असेच ‘बसतात’. काही पातळ्या जवळजवळ असतात, त्यांची मिळून एक पंगत होते. त्यानंतर मोठी फट. पंगत नेमकी भरली की केंद्रक स्वस्थ असते. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही पंगती पूर्ण. म्हणून त्याचे केंद्रक गोल आणि विलक्षण स्थिर असते.

पण पंगत अर्धवट भरलेली असेल तर? तेव्हा उरलेल्या कणांना गोल मांडणी सोयीची राहत नाही. केंद्रक जरासे लांबले किंवा चपटे झाले की पातळ्यांची जुळणी बदलते आणि त्या कणांची एकूण ऊर्जा कमी होते. जेम्स रेनवॉटर यांनी ही कल्पना १९५० साली मांडली. ऑगे बोर आणि बेन मोटलसन यांनी तिचा विस्तार केला. तिघांना १९७५ चे नोबेल मिळाले. केंद्रक गोल नसते याचे कारण असे मोजणीत दडलेले आहे : किती पाहुणे उरले, यावर मांडवाचा आकार ठरतो.

विटी, पेढा आणि पेरू

न दिसणारे केंद्रक लांबट आहे हे कळते कसे? गुळगुळीत, एकरंगी गोटी जागच्या जागी फिरवा. ती फिरते आहे की स्थिर आहे, हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही. विटी फिरवा, चटकन कळेल. केंद्रकांच्या जगात हा नियम आणखी कडक आहे. तेथे पूर्ण गोल वस्तूला एकसंध फिरण्याची अवस्थाच नसते. गोल नसलेले केंद्रक फिरू शकते, आणि वेग कमी करताना ते गॅमा किरण सोडते. त्या किरणांवरून ऊर्जेच्या पायऱ्या मोजता येतात. पहिल्या तीन पायऱ्यांच्या उंचीचे प्रमाण ६ : २० : ४२ असे जवळपास भरले, तर केंद्रक पक्के लांबट किंवा चपटे आहे असे समजावे. या आकड्यांतून तो आकार वाचावा लागतो, जसा नकाशाच्या मोजमापांतून बेटाचा.

लांबट केंद्रकासाठी इंग्रजीत रग्बीच्या चेंडूची उपमा रूढ आहे. आपल्याकडे विटी आहे. चपट्यासाठी पेढा चालेल. रेडियम-२२४ च्या केंद्रकाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा निमुळते असते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील मोजणीतून २०१३ साली हे स्पष्टपणे पुढे आले. त्याला सर्वत्र नासपतीच्या आकाराचे म्हणतात. नासपती ज्यांच्या नेहमीच्या पाहण्यातली नाही अशा वाचकांसाठी मी खुशाल ‘पेरू’ लिहीन. तसे करण्याला भाषेचाही आधार आहे. ‘पेरू’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘पेरा’वरून आला असे मानले जाते, आणि पोर्तुगीजांचा पेरा म्हणजे नासपतीच! मात्र उपमान बदलताना साधारण धर्म सांभाळायला हवा. विटीची टोके अणकुचीदार असतात, केंद्रकाची तशी नसतात. पेरूत बिया असतात. केंद्रकाच्या वर्णनात त्यांना जागा नाही. उपमा कोठे सोडायची हे ज्याला कळते, त्यानेच ती वापरावी.

याहून विचित्र आकारही गणिताने सुचवले आहेत. मेदूवड्यासारखे, मध्ये भोक असलेले कंकणाकृती केंद्रक सिद्धान्तकारांनी अनेक वर्षे हिशेबात धरले आहे. निर्विवादपणे ते सापडलेले नाही. सिलिकॉन-३४ च्या केंद्रकात प्रोटॉनांची दाटी कडेपेक्षा मध्यभागी कमी असल्याची चिन्हे २०१७ साली प्रसिद्ध झाली. फुगलेली पुरी आठवा. फक्त येथील पोकळी अर्धीमुर्धी, आणि तीही केवळ प्रोटॉनांची.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते शिसे-१८६ चे उदाहरण. यात प्रोटॉन तेच ८२, पण न्यूट्रॉन १०४. या एकाच केंद्रकाच्या ऊर्जेने अगदी जवळजवळ असलेल्या तीन अवस्थांना तीन आकार आहेत : एक गोल, एक चपटा, एक लांबट. २००० साली हे जाहीर झाले. ‘कर’ हा एकच शब्द हात, शासनाला द्यावयाचा पैसा आणि आज्ञार्थी क्रियापद असे तीन अर्थ बाळगतो, आणि वाक्याबाहेर त्याचा अर्थ विचारणे व्यर्थ असते. शिसे-१८६ चा आकार कोणता, या प्रश्नाचेही तसेच आहे. आधी अवस्था सांगावी लागते.

ट्रॉम्बेतील प्रश्न : पंगत केव्हा मोडते?

थेंब आणि पंगत ही दोन्ही प्रतिमाने खरी, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. एकात कण गर्दीत हरवलेले, दुसऱ्यात प्रत्येकाचे पान ठरलेले. १९६७ च्या सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञ स्ट्रुटिन्स्की यांनी दोहोंना एकत्र आणण्याची रीत दिली. ऊर्जेचा मोठा, सपाट भाग थेंबाकडून घ्यावा आणि पंगतींमुळे होणारा लहानसा चढउतार त्यावर दुरुस्ती म्हणून चढवावा. ही दुरुस्ती किती लहान असते पाहा. शिसे-२०८ ला एकत्र बांधून ठेवणारी ऊर्जा सुमारे १,६३६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि पंगतींचा वाटा त्यात १२-१३ चा, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. तरीही केंद्रकाचा आकार याच एका टक्क्याच्या आतल्या रकमेने ठरतो. दुब्ना येथे १९६२ साली अमेरिशियम-२४२ ची एक अवस्था आढळली होती, जी सेकंदाच्या सुमारे सत्तराव्या भागात दुभंगत असे. तिचे कोडेही या रीतीने सुटले : त्या अवस्थेत केंद्रकाची लांबी रुंदीच्या जवळजवळ दुप्पट असते, आणि दुभंगण्याच्या वाटेवर एकाऐवजी दोन टेकड्या असून ते मधल्या खळग्यात अडकलेले असते.

ट्रॉम्बेत विखंडनाचा अभ्यास तोपर्यंत मुरला होता. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाल्यापासून डॉ. राजा रामण्णा यांच्या पुढाकाराने तेथे न्यूट्रॉनांच्या साहाय्याने हे प्रयोग होत आले होते. व्ही. एस. राममूर्ती, एस. एस. कपूर आणि एस. के. कटारिया या तेथील तिघा संशोधकांनी १९७० साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न असा मांडता येईल : केंद्रक तापवले तर पंगतींचे काय होते?

येथे ‘तापवणे’ हाही उपमेचाच शब्द, हे लक्षात घ्या. केंद्रकाला बाहेरून ऊर्जा दिली की आतील कण आपापल्या पातळ्या सोडून वरच्या पातळ्यांवर जाऊ लागतात. मांडवात थोडी उठबस झाली तर पंगत पंगतच राहते. पण लोक सर्रास उठून इकडून तिकडे बसू लागले, तर कोण कोणत्या पंगतीतला याला अर्थ उरत नाही. दिसते ती नुसती गर्दी. राममूर्ती-कपूर-कटारिया यांनी हिशेबाने दाखवले की केंद्रकाचेही असेच घडते. दिलेली ऊर्जा वाढत जाते तसा पंगतींचा प्रभाव क्षीण होतो, आणि चाळीस-पन्नास दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पलीकडे केंद्रक जवळजवळ शुद्ध थेंबासारखे वागते. विखंडनातून उडणारे भाग सर्व दिशांना सारख्या प्रमाणात जात नाहीत; त्या असमानतेवरून, दुभंगण्याच्या उंबरठ्यावर केंद्रक किती लांबले होते याचा अंदाज येतो. या अंदाजांचा अर्थ लावण्यासाठीही त्यांनी आपला हिशेब वापरला.

हा हिशेब अभ्यासकांनी पुढे निरनिराळ्या रूपांत वापरला. पण पंगत मोडण्याची गती प्रत्यक्ष मोजणे अवघड होते. ते काम मुंबईतच झाले. ट्रॉम्बेचे भाभा केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक कुलाब्याच्या आवारात १९८८ च्या अखेरीपासून चालतो. पी. सी. राउत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे थॅलियम-२०५ वर लिथियम-७ चा झोत सोडला. लिथियमच्या केंद्रकातून एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा गट थॅलियमला जाऊन मिळाला की तापलेले शिसे-२०८ तयार होते. ते निवताना न्यूट्रॉन सोडते, पाण्याच्या थेंबावरून वाफ उडावी तसे. त्या न्यूट्रॉनांचा वेग मोजून आतल्या पातळ्या किती दाट आहेत हे काढता येते. तुलनेसाठी टँटलमपासून टंगस्टन-१८४ ही घडवले गेले, जेथे पंगतींचा प्रभाव मुळातच थोडा. शिशाजवळ तो प्रभाव मोठा असल्याचे आणि तापवल्यावर तो कोणत्या गतीने ओसरतो याच्या मर्यादा या प्रयोगाने दिल्या. ही गती आकड्यांत काढण्याचा हा पहिला प्रयत्न होता. तो लेख २०१३ साली छापून आला, त्याच नियतकालिकात, ४३ वर्षांनी.

या गतीला महत्त्व का, ते अतिजड मूलद्रव्यांकडे पाहिल्यास कळते. ११८ प्रोटॉनांचे ओगानेसॉन, ज्याचे नामकरण २०१६ साली झाले, शुद्ध थेंबाच्या हिशेबाने क्षणभरही टिकू नये. प्रतिकर्षणाने तो थेंब लगेच दुभंगावा. त्याला सावरून धरतात त्या पंगतीच. पण असे केंद्रक घडवायचे तर दोन केंद्रके एकमेकांवर आदळावी लागतात, आणि आदळण्याने नवे केंद्रक तापलेलेच जन्माला येते. ते निवण्यापूर्वी पंगती किती शिल्लक राहतील, यावर ते जगणार की दुभंगणार हे ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी : ‘शिशाचे केंद्रक गोल असते’ हे वाक्य एका विज्ञानविषयक लेखात आले आहे, असे समजा. शिसे-१८६ च्या तीन अवस्था लक्षात घेऊन त्यात कोणती दुरुस्ती करावी लागेल? दुरुस्त वाक्य शिसे-२०८ बद्दल असेल, तर थंड असताना ते केंद्रक पंगती पूर्ण असल्यामुळे गोल असते आणि खूप तापल्यावर थेंब असल्यामुळे गोल असते. आकार एकच, कारणे दोन. ‘कवच’ आणि ‘विखंडन’ हे शब्द न वापरता, विज्ञान न शिकलेल्या वाचकासाठी, हा फरक आठ-दहा वाक्यांत लिहा; आणि तुम्ही योजलेली उपमा कोठपर्यंत लागू पडते, ते शेवटच्या वाक्यात नोंदवा.